उसाच्या पाटातली तालीम

सोइची साकामोतो हे हवाई बेटांतल्या एका प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर. त्यांना स्वतःला धड पोहता येत नव्हते. तरीही त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलांनी १९३९, १९४० आणि १९४१ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेची राष्ट्रीय जलतरण स्पर्धा सांघिक गुणांवर जिंकली आणि महायुद्धानंतरच्या तीन ऑलिंपिकांत पदके आणली. यांतली सुरुवातीची मुले उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांची होती, आणि त्यांचा पहिला तलाव म्हणजे उसाला पाणी देणारा पाट. गंमत अशी की ज्या ऑलिंपिकवर डोळा ठेवून ही मुले तयार झाली, ते ऑलिंपिक भरलेच नाही.

साकामोतो यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०६ चा, माउई बेटावरचा. हवाई बेटांत माउई आकाराने दुसऱ्या क्रमांकाचे. त्याच्या पूर्व भागात हालेआकाला हा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. ईशान्येकडून येणारे वारे या डोंगराच्या त्या अंगावरच आपला पाऊस रिकामा करतात. पलीकडचे मधले मैदान मात्र कोरडे राहते. जमीन चांगली, ऊन भरपूर, पण पाणी नाही, आणि ऊस तर पाणी पिणारे पीक. हा पेच १८७६ नंतर सुटायला लागला. सॅम्युअल अलेक्झांडर आणि हेन्री बाल्डविन या दोन मळेवाल्यांनी डोंगराच्या ओल्या बाजूचे ओढे अडवून, दऱ्याखोऱ्यांतून कालवा काढून पाणी मैदानात आणले. पुढच्या काही दशकांत असे कालवे, बोगदे आणि पाट यांचे जाळेच तयार झाले. मैदानाच्या मध्यावर पुनेने या गावी मोठा साखर कारखाना उभा राहिला, आणि आसपासचा सारा मुलूख ऊसमय झाला.

ऊस लावायला आणि तोडायला माणसे लागतात. ती बाहेरून आणली गेली: आधी चिनी, मग पोर्तुगीज आणि जपानी, नंतर पोर्तोरिकन आणि फिलिपिनो. जपानी मजुरांची करारावरची मोठी भरती १८८५ पासून सुरू झाली. मळ्यावर त्यांना राहायला वस्त्या असत. त्यांना कॅम्प म्हणत, आणि बहुतेक वस्त्या वंशवार वेगळ्या: जपान्यांची एक, फिलिपिनोंची दुसरी, पोर्तुगीजांची तिसरी. प्रत्येक मजुराला आकडा कोरलेला धातूचा बिल्ला मिळे. हजेरी त्या आकड्यावर, पगारही त्याच आकड्यावर, कंपनीच्या दुकानातली उधारीसुद्धा त्याच आकड्यावर. मुकादम घोड्यावरून फिरत. जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला कायद्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेता येत नसे, ते १९५२ पर्यंत. मात्र बेटांवर जन्मलेली त्यांची मुले जन्मतःच अमेरिकन ठरत. साकामोतो आणि त्यांचे बहुतेक विद्यार्थी हे असे आईबापांच्या घरात जपानी आणि शाळेच्या वर्गात अमेरिकन होते.

मळ्याच्या पोरांना विरंगुळा म्हणून पाटच होता. पाट सुमारे आठ फूट रुंद, चार फूट खोल. पाणी डोंगरावरून येणारे, गाळाने गढूळ, काडीकचरा वाहून आणणारे. शाळा सुटली की मुले त्यात उड्या टाकत, बरीचशी उघडीनागडी. कंपनीला हे चालत नसे. पाण्याला अडथळा होतो, पाटाची नासधूस होते आणि एखादे पोर बुडाले तर बला गळ्यात येते, म्हणून मळ्याचे पहारेकरी त्यांना हुसकून लावत. पोरे पळत, पहारेकरी गेला की परत येत. साकामोतो पुनेनेच्या शाळेत शिकवत होते, बालवीर पथकही चालवत होते, आणि हा पाठशिवणीचा खेळ रोज पाहत होते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मळ्याच्या साहेबांकडे शब्द टाकला: शाळेनंतर मी मुलांवर लक्ष ठेवतो, त्यांना पोहू द्या. परवानगी मिळाली. म्हणजे या गोष्टीची सुरुवात एका राखणदारीतून झाली. त्या वेळी कोणाच्या डोक्यात विजेतेपद नव्हते, साकामोतोंच्याही नाही.

काठावर उभे राहून राखण करताना मास्तरांचा विज्ञानाचा डोळा जागा झाला. पाटाला उतार होता, त्यामुळे पाण्याला ओढ होती. मुले ओढीबरोबर वाहत जात, हसत-खिदळत खाली उतरत आणि काठाने चालत पुन्हा वर येत. साकामोतो यांनी त्यांना उलटे करायला लावले: पाण्याविरुद्ध पोहत वर जायचे आणि थकले की अंग सैल सोडून वाहत खाली यायचे. पुन्हा वर, पुन्हा खाली. या साध्या उलटापालटीत काय दडले होते, ते समजून घेण्यासारखे आहे.

पाण्यात पुढे सरकणाऱ्या शरीराला पाणी मागे रेटत असते, आणि हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध साधारण चौपट होतो. म्हणून जलतरणात केवळ ताकदीला मर्यादा पडतात. कंबर खाली गेली, डोके वर आले, पाय फाकले की तीच ताकद पाणी ढवळण्यात वाया जाते. स्थिर पाण्याच्या तलावात नवख्या मुलाला हे कळत नाही, कारण कसेही हातपाय मारले तरी ते पुढे जातच असते. वाहत्या पाण्यात मात्र हिशेब लगेच समोर येतो. हात नीट बसला तर काठावरचे झुडूप मागे जाते. हात निसटला तर झुडूप तिथेच राहते. अंग वाकडे झाले तर झुडूप चक्क पुढे निघून जाते. मुलाला कोणी रागावावे लागत नाही. पाट उथळ असल्याने पायही खोल सोडता येत नाहीत, ते तळाला घासतात. म्हणून शरीर आपोआप पृष्ठभागाजवळ आडवे राहते. रुंदी कमी, त्यामुळे इकडेतिकडे भरकटायलाही जागा नाही. आज मोठ्या क्रीडा संस्थांत यंत्राने प्रवाह सोडणारे हौद बसवतात आणि त्यात खेळाडूला एका जागी पोहायला लावून त्याच्या हाताची फेक न्याहाळतात. पुनेनेच्या पोरांना ही सोय उसाच्या कृपेने फुकट मिळाली होती.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. वर जाताना छाती फुटेस्तोवर श्रम, खाली येताना पूर्ण सैलपणा, आणि हे चक्र पुनःपुन्हा. श्रम आणि विश्रांती यांची अशी मोजून केलेली आलटापालट आज सगळ्या खेळांच्या सरावाचा कणा आहे. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी धावपटूंवर तिचा पद्धतशीर प्रयोग याच १९३० च्या दशकात केला, आणि जलतरणात ती सर्रास रुळली ती महायुद्धानंतर. साकामोतो तिथे पोहोचले ते पाटाचा उतार आणि पोरांचा दमसास पाहून. त्यांच्या काळी जलतरणातले बहुतेक प्रशिक्षक खेळाडू फार थकू नये याची काळजी घेत. लांब, सावकाश पोहणे हा सराव मानला जाई.

पोहता न येणारा माणूस पोहण्याचा गुरू कसा होऊ शकतो, हा प्रश्न त्यांच्याबद्दल नेहमी विचारला जातो. या बाबतीत अज्ञानाचा त्यांना फायदाच झाला असावा. चांगला पोहणारा प्रशिक्षक स्वतःची शैली विद्यार्थ्याच्या अंगावर चढवू पाहतो. साकामोतोंकडे चढवायला काही नव्हते. कोणता मुलगा जोरात जातो, का जातो, त्याच्या हाताचा कोन शेजारच्यापेक्षा कुठे निराळा आहे, एवढेच ते पाहत, आणि जे चालते ते ठेवून बाकीचे सोडत. काठाने चालत चालत ते मुलांच्या बरोबरीने वर जात. अर्थात नुसत्या निरीक्षणाने विजेते घडत नाहीत. रोज दुपारी, शाळेचे काम संपल्यावर, बिनपगारी, वर्षानुवर्षे काठावर उभे राहणारा माणूस लागतो, आणि पुनेनेत तो होता.

पाटात दोन गोष्टी शिकता येत नाहीत: वळण आणि सूर. तलावाच्या भिंतीला स्पर्श करून फिरणे आणि शर्यतीच्या सुरुवातीला ठोकळ्यावरून पाण्यात झेपावणे यांसाठी खरा तलाव हवाच. मळ्याच्या आवारात एक तलाव होता. पुढे या मुलांना तो वापरायला मिळाला, आणि पाटातल्या तालमीला तलावातल्या सरावाची जोड आली.

मजुरांच्या पोरांनी ऑलिंपिकची स्वप्ने पाहावीत, हे वरवर वेडेपणाचे वाटते. पण हवाईत पोहणे ही परकी कला नव्हती. ड्यूक काहानामोकू या मूळ हवाईयन जलतरणपटूने १९१२ मध्ये स्टॉकहोमला आणि १९२० मध्ये अँटवर्पला १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकले होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात याच शर्यतीत जॉनी वाइसमुलर पहिला आला, पण दुसरा ड्यूक आणि तिसरा त्याचा धाकटा भाऊ सॅम. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर जिंकणारा बस्टर क्रॅबही हवाईतच वाढलेला. त्या वर्षीची खरी बातमी मात्र निराळी होती: पुरुषांच्या सहा जलतरण शर्यतींपैकी क्रॅबची ती एक सोडून उरलेल्या पाचही जपानने जिंकल्या. ज्यांच्या आईबापांना मुकादम आकड्याने हाक मारत, त्या पोरांना आपल्यासारख्याच चेहऱ्यांनी अमेरिकेला हरवल्याचे त्या वर्षी कळले. आणि ३१ जुलै १९३६ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९४० च्या खेळांचे यजमानपद टोकियोला दिले.

साकामोतो यांनी १९३७ मध्ये मुलांना एकत्र करून एक मंडळ काढले आणि त्याला नाव दिले ‘थ्री-इयर स्विम क्लब’. तीन वर्षांनी ऑलिंपिक, म्हणून तीन वर्षांचे मंडळ, नावातच मुदत. टोकियोला अमेरिकेचा संघ म्हणून जायचे, असे त्यांनी मुलांपुढे मांडले. मुलगे होते, मुली होत्या, बहुतेक जपानी घरांतली, पण होझे बालमोरेससारखे फिलिपिनो घरातले पोरही होते. मळ्यावर वस्त्या वेगळ्या असल्या तरी पाटाच्या पाण्यात ती वाटणी टिकली नाही. शिस्त कडक होती. सराव बुडवायचा नाही, मास्तरांचा शब्द मोडायचा नाही, आणि आपले ध्येय ऑलिंपिक आहे हे उठता-बसता घोकायचे. या ध्येयाचा मारा इतका होता की आजच्या वाचकाला तो लहान मुलांवर जरा जड वाटेल, आणि ती शंका रास्तही आहे. पण त्या मुलांपुढे दुसरा पर्याय कोणता होता, हेही विसरता येत नाही: बापाच्या मागोमाग कोयता हाती घेऊन फडात उतरणे.

पहिली नावे पुढे आली ती कियो नाकामा आणि ताकाशी हिरोसे यांची. हिरोसेला सगळे ‘हेलो’ म्हणत. कियो लांब पल्ल्याचा, शांत, मास्तरांचा आज्ञाधारक. हेलो वेगाचा गडी. राष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर होत. तिथे जायचे म्हणजे आधी बोटीने होनोलुलू, तिथून मोठ्या बोटीने पाचेक दिवसांनी कॅलिफोर्निया, आणि पुढे रेल्वेने देश ओलांडायचा. भाड्याचे पैसे उभे करणे हाच एक स्वतंत्र व्याप. पण हेलोने १९३८ मध्ये मजल मारली. युरोपच्या दौऱ्यावर गेलेल्या अमेरिकन संघात त्याची निवड झाली, आणि त्या वर्षी २० ऑगस्टला बर्लिनमध्ये ४×१०० मीटर फ्रीस्टाइल रिलेचा जागतिक विक्रम करणाऱ्या चौघांत तो एक होता. वंशशुद्धीचा डंका पिटणाऱ्या नाझी राजधानीत, अमेरिकेच्या वतीने, जपानी मजुराच्या पोराने. मंडळाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

त्याच उन्हाळ्यात मंडळाच्या नावातला हेतूच मोडला. चीनशी युद्धात गुंतलेल्या जपानने जुलै १९३८ मध्ये यजमानपद सोडले. खेळ फिनलंडच्या हेलसिंकीला गेले. मग १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटले आणि १९४० चे ऑलिंपिक रद्दच झाले. मुदत संपली, मुक्काम नाहीसा झाला. मंडळ बंद पडायला हे कारण पुरेसे होते.

मंडळ बंद पडले नाही, उलट त्याचे सुगीचे दिवस तेव्हाच आले. १९३९ मध्ये डेट्रॉइटला माउईच्या मुलांनी मुख्य भूमीवरच्या नामांकित क्लबांना मागे टाकून राष्ट्रीय सांघिक विजेतेपद घेतले. पुढची दोन वर्षेही तेच. मुलींमध्ये फुजिको कात्सुतानी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये राष्ट्रीय विजेती ठरली. कियोचा धाकटा भाऊ बुन्मेई हाही लांब पल्ल्याच्या शर्यतींत पुढे आला. कियोने ऑस्ट्रेलियाचा दौरा करून तिथल्या शर्यती मारल्या, आणि १९४२ मध्ये एक मैलाचा जागतिक विक्रम आपल्या नावे केला. त्याची उमेदीची सगळी वर्षे मात्र ऑलिंपिकविना गेली. वीस वर्षांचा होता तेव्हा खेळ रद्द झाले. १९४४ चेही झाले. १९४८ उजाडले तेव्हा तो अठ्ठावीसचा होता. साकामोतोंच्या सर्वांत गुणी शिष्यांपैकी एकाच्या कपाळी ऑलिंपिक कधीच आले नाही.

ते आले बिल स्मिथच्या. हा होनोलुलूचा, १९२४ चा जन्म, मिश्र हवाईयन आणि आयरिश रक्ताचा. लहानपणी विषमज्वराने तो खंगला होता आणि शक्ती भरून यावी म्हणून पोहायला लागला. पुनेनेच्या मास्तरांची ख्याती ऐकून तो १९४० मध्ये माउईला आला आणि साकामोतोंच्याच घरी राहू लागला. घरात खाणे, घरात निजणे, आणि दिवसभर मास्तरांच्या नजरेखाली पोहणे. गुरुगृही राहण्याची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. देहाने तो इतर मुलांच्या मानाने धिप्पाड होता. लहान चणीच्या मुलांसाठी साकामोतोंनी वर्षानुवर्षे घासून आणलेली किफायतशीर शैली या मोठ्या देहात उतरली, तेव्हा परिणाम जबर झाला. १९४१ आणि १९४२ मध्ये स्मिथने फ्रीस्टाइलचे जागतिक विक्रम मोडायला सुरुवात केली.

७ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच दिवशी हवाईत लष्करी कायदा लागू झाला, तो ऑक्टोबर १९४४ पर्यंत उठला नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना उचलून छावण्यांत डांबण्यात आले. हवाईत हे त्या प्रमाणावर झाले नाही. तिथल्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक जपानी वंशाचे होते, आणि त्यांना डांबले असते तर बेटांचा कारभारच थांबला असता. पण संशय घरोघरी पोहोचला. १९४३ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन तरुणांची ४४२ वी रेजिमेंट उभी राहिली. आकार आणि सेवेचा काळ पाहता अमेरिकेच्या इतिहासातली सर्वाधिक शौर्यपदके मिळवणारी तुकडी म्हणून ती पुढे ओळखली गेली. हेलो हिरोसे तिच्यातून युरोपात लढला. पाच-सहा वर्षांपूर्वी तो त्याच खंडात पोहायला गेला होता.

कियो, हेलो आणि बिल स्मिथ हे तिघेही वेगवेगळ्या वेळी ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. तिथे माइक पेपी हे प्रशिक्षक होते. अमेरिकेच्या शाळा-महाविद्यालयांत पोहणारे आणि सूर मारणारे यांचा संघ एकच असतो आणि गुणही एकत्र मोजतात, त्यामुळे पुष्कळदा एकाच प्रशिक्षकाला दोन्ही विद्या सांभाळाव्या लागतात. खरे तर या दोन विद्यांचे नाते पाण्यापुरतेच. जलतरणपटूचे काम पाण्याचा विरोध कमी करण्याचे. सूर मारणाऱ्याचे काम फळीपासून पाण्यापर्यंतच्या दीड-दोन सेकंदांत, हवेत, अंग गोळा करून गिरकी वाढवण्याचे आणि ऐन वेळी ते ताणून गिरकी आवरण्याचे. पेपी सूर मारणारे घडवण्यात वाकबगार होते. त्यांच्याकडे उणीव होती ती पोहणाऱ्यांची, आणि ती माउईच्या पोरांनी भरून काढली. १९४३ मध्ये ओहायो स्टेटने आपले पहिले राष्ट्रीय आंतरविद्यापीठ विजेतेपद जिंकले. पेपींच्या कारकिर्दीत अशी अकरा झाली. कियो तिथे जलतरणाबरोबर बेसबॉलच्या संघाचाही कर्णधार होता.

बारा वर्षांच्या खंडानंतर १९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक भरले. बिल स्मिथने ४०० मीटर फ्रीस्टाइल ४ मिनिटे ४१ सेकंदांत, ऑलिंपिक विक्रमासह जिंकली. ४×२०० मीटर रिलेत शेवटचा टप्पा त्याचाच होता. अमेरिकन संघाने ८ मिनिटे ४६ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण घेतले. त्याच स्पर्धेत तीन मीटर स्प्रिंगबोर्डवरून सूर मारण्यात पहिला आलेला ब्रूस हार्लन आणि दुसरा आलेला मिलर अँडरसन हे दोघेही पेपींच्याच तालमीतले. स्त्रियांच्या ४×१०० मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन चौघींत थेल्मा कालामा ही साकामोतोंची शिष्या होती. ‘तीन वर्षांचे मंडळ’ स्थापन होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

साकामोतो तोवर माउई सोडून होनोलुलूला आले होते. महायुद्ध संपल्यावर त्यांनी हवाई विद्यापीठाच्या संघाची जबाबदारी घेतली आणि ‘हवाई स्विमिंग क्लब’ उभा केला. पाट मागे राहिला, पद्धत राहिली. १९५२ मध्ये हेलसिंकीला एव्हलिन कावामोतोने ४०० मीटर फ्रीस्टाइल आणि ४×१०० मीटर रिले या दोन्हींत कांस्यपदक मिळवले. बिल वुल्सीने ४×२०० मीटर रिलेत सुवर्ण मिळवले आणि १९५६ मध्ये मेलबर्नला त्याच शर्यतीत रौप्य.

त्या काळच्या हवाईतल्या सगळ्याच विजेत्यांचे श्रेय साकामोतोंच्या खात्यावर टाकण्याची एक सवय पडली आहे. ती बरोबर नाही. १९५२ मध्ये १,५०० मीटरचे सुवर्ण जिंकणारा फोर्ड कोन्नो हा होनोलुलूच्या योशितो सागारा यांचा शिष्य, आणि त्याच वर्षी १०० मीटर बॅकस्ट्रोक जिंकणारा योशिनोबू ओयाकावा हिलोच्या स्पार्की कावामोतोंचा. माउईच्या यशामुळे बेटाबेटांवर असे शिक्षक पुढे आले असे म्हणता येईल, पण त्यांची मेहनत त्यांचीच. कोन्नोने पुढे एव्हलिन कावामोतोशी लग्न केले, त्यामुळे दोन तालमींची सोयरीक मात्र झाली.

शिष्यांच्या पुढच्या आयुष्यात मास्तरांची छाप दिसते. बिल स्मिथने आयुष्याचा मोठा भाग होनोलुलूच्या किनाऱ्यांवरच्या जीवरक्षकांचा प्रमुख म्हणून काढला. बुडणाऱ्यांना वाचवणारी माणसे त्याने तयार केली. कियो नाकामा होनोलुलूच्या फॅरिंग्टन हायस्कूलमध्ये शिक्षक झाला आणि नंतर हवाईच्या विधानसभेत निवडून गेला. १९६१ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, तो मोलोकाई बेटावरून समुद्रात उतरला आणि सुमारे साडेपंधरा तासांनी ओआहू बेटावर निघाला. कैवी नावाच्या या सामुद्रधुनीत लाटा आडव्यातिडव्या येतात आणि शार्क असतात. पोहून ती पार केल्याची नोंद असलेला तो पहिला माणूस. अंतर साधारण २७ मैल, आणि वाटेत प्रवाह उलटा लागतो.

साकामोतो यांना १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मान दालनात स्थान मिळाले. ३ ऑगस्ट १९९७ रोजी, एक्याण्णवाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले. वायलुकूच्या सार्वजनिक तलावाला ‘कोच सोइची साकामोतो पूल’ असे नाव आहे. माउईची आजची मुले तिथे सराव करतात. मुख्य भूमीवरच्या वाचकांना ही सारी हकिकत कळली ती बरीच उशिरा, ज्युली चेकोवे यांचे ‘द थ्री-इयर स्विम क्लब’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले तेव्हा. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१६ मध्ये, पुनेनेच्या कारखान्याने शेवटचा ऊस गाळला आणि हवाईतला साखरधंदा संपला. डोंगरावरून पाणी आणणारी कालव्यांची व्यवस्था अजून चालू आहे. ऊस गेल्यावर ते पाणी ओढ्यांत किती सोडायचे आणि मैदानात किती आणायचे, यावर माउईत वाद आणि कोर्टकज्जे चालत आले आहेत.